पलीकडच्या खिडकीतली बाई काय वाजवत होती

तारीख २, सोमवार

ही वही खारीनं दिली. खार म्हणजे माझी नात. लहानपणापासून पेन्सिली कुरतडते म्हणून खार. आता सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी कुरतडतेच. म्हणाली, "आजी, रोज काहीतरी लिही. मी वाचणार नाही, शपथ." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी, कारण मग धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला मला घरी ठेवलं. तर म्हणते कशी, "लिहिणाऱ्याला इयत्ता विचारत नाहीत." हिला बोलायला कोण शिकवतं देव जाणे.

मोठी आनंदाची बातमी अशी की खार माझ्याकडे राहायला आली आहे. वसतिगृहाची खोली सोडून, दोन ट्रंका पुस्तकं घेऊन. खालची शिंपीण जिन्यात विचारत होती, "नात किती दिवस?" मी म्हटलं, "तुझ्या शिलाईला लागतात तितके," म्हणजे मोजदादच नाही. ती ठसक्यानं हसली. मीपण.

तिची आई, म्हणजे माझी लेक, जाऊन परवा चार महिने होतील. हे लिहायचं ठरवलं नव्हतं, पण लिहिलं. लिहून काही झालं नाही. अक्षर मात्र बरं आलंय.

तारीख ३, मंगळवार

खार काय शिकते ते आज नीट विचारून घेतलं. शिंपिणीला सांगायला बरं. दोनशे वर्षांपूर्वी कवींची एक पलटण होऊन गेली म्हणे. डोंगर, धुकं, चंद्र, एकटं भटकणं असा त्यांचा धंदा. त्यांच्या कवितांत संगीत फार. पण गंमत अशी की पुष्कळदा ते संगीत कुणी वाजवतच नसतं, कवी मनातल्या मनात ऐकतो आणि लिहून ठेवतो. खारीनं अशा कविता गोळा केल्यात, एकेचाळीस. त्या न वाजलेल्या संगीताचा अर्थ लावायचा, हा तिचा मोठा प्रबंध. चार प्रकरणं झालीत. पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं, पंचवीस तारखेला द्यायचंय. दोनदा मुदत वाढवून झाली. आता नाही दिलं तर नाव कापतील आणि तीन वर्षं पाण्यात.

मी विचारलं, "किती लिहून झालंय?"

म्हणाली, "शीर्षक."

तारीख ६, शुक्रवार

दोन दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही. खार टेबलाशी बसते, मी तिला चहा नेते, तो गार होतो, मी तो परत गरम करून स्वतः पिते. असे दिवसाला चार कप माझ्या पोटात जातात. चव वगैरे लागत नाही, पण टाकवत नाही.

दुपारी जावयांचा फोन आला. ते जहाजावर असतात. चौदा दिवसांची रजा काढून आले होते तेव्हा, मग परत गेले. त्यांना तरी काय दुसरं. फोनवर मला काही ऐकू येत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी "आईंना द्या" म्हणतात. मी कानाला लावते आणि "हो, हो, बरी आहे" म्हणते. समोरच्याचे ओठ दिसले की माझं काही अडत नाही. ओठ नसले की नुसता खडखडाट.

हे कान गिरणीनं खाल्ले. विणकाम खात्यात एकतीस वर्षं. एका दालनात दोनशे माग, एकेका मागाचा आडवं सूत नेणारा धोटा मिनिटाला दोनशे वेळा इकडून तिकडे आपटणार. शेजारणीनं कानात बोंब मारली तरी कळायचं नाही. म्हणून आम्ही बायका ओठांनी बोलायचो, बिनआवाजाचं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, मुकादम कुणाकडे बघतो, सगळं चाळीस हातांवरून. नवीन पोरगी आली की तीन महिन्यांत शिकायची. घरी गेल्यावरही आमची तोंडं मोठमोठी हलायची, नवरे म्हणायचे काय माशासारखं करतेस.

हे सगळं खारीला माहीत आहे. पण लिहिताना बरं वाटलं. बरं म्हणजे, हात चालला.

तारीख ७, शनिवार

आज खारीच्या मॅडमना पाहिलं. खार मुदत वाढवून मागायला गेली होती, मी सोबत. बाहेर बाकावर बसले. दाराला काच होती. खारीची पाठ माझ्याकडे, मॅडमचं तोंड समोर. ऐकायचा हेतू नव्हता, पण वाचता येणाऱ्यानं पाटी कशी न वाचावी?

मॅडम म्हणाल्या, "आणखी मुदत माझ्या हातात नाही." मग, "आधीचं सगळं वाचलं मी. तू संगीत मोजलं आहेस. किती ओळी, कोणती वाद्यं. पण ते तिथं का आहे, हे तू एकदाही विचारलेलं नाहीस." मग बराच वेळ खार बोलत असावी. मग मॅडम म्हणाल्या, "मला कल्पना आहे. पण दु:ख झालं म्हणून तारीख थांबत नाही गं."

बाई वाईट नाही. बोलताना खालचा ओठ चावते. असं माणूस मनातून मऊ असतं.

येताना बसमध्ये खार म्हणाली, "मी सोडून देते आजी. दुकानात नोकरी करीन." मी म्हटलं, "कर. पण पंचवीस तारखेनंतर."

तारीख ११, बुधवार

आज मोठी गंमत. खार मला कविता वाचून दाखवते. मीच म्हटलं, नाहीतरी तुझं काही होत नाहीये, मला तरी शहाणी कर. ती समोर बसते, ओठ स्वच्छ हलवते, आपल्या भाषेत सांगत जाते.

पाचव्या प्रकरणाची कविता अशी. कवी संध्याकाळी नदीकाठी येतो. थंडी मरणाची. पलीकडच्या काठावर एक घर, वरच्या खिडकीत दिवा आणि एक बाई. खिडकी बंद आहे. ती बाई तारांचं काहीतरी वाद्य वाजवते आहे. मध्ये नदी, वर बंद खिडकी, कवीला एक सूरही ऐकू येत नाही. तरी पुढच्या बारा ओळी तो ती चाल सांगतो. कशी चढते, कशी पाण्यावरून येते, कशी विरते. मग दिवा मालवतो आणि तो निघून जातो. झालं.

खार म्हणाली, "एक टीकाकार म्हणतो, हे आत्म्याचं संगीत. दुसरा म्हणतो, निसर्गाचं. तिसरा म्हणतो, ही पोकळी आहे. तुला काय वाटतं?"

मी विचारलं, "बाईचे हात दिसतात का?"

"म्हणजे?"

"हात गं. बोटं. वाजवतेय कशावरून?"

खारीनं परत वाचलं. हात नाहीत. खिडकीची चौकट आडवी येते. वाकलेली मान आणि हलणारा खांदा, एवढंच.

मी म्हटलं, "मग मोजे रफू करत असेल. नाहीतर भांडं घासत असेल, तळाला लागलेलं. खांदा तसाच हलतो."

खार इतकी हसली, इतकी हसली की पेन्सिल तोंडातून पडली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मीही हसले. माझं हसणं मला बाहेरून दिसत होतं, शिंपिणीच्या आरशात कपड्याचं माप बघतात तसं. पण ती हसली हे खरं.

तारीख १२, गुरुवार

कालच्या हसण्यावरून मला ताडमाड आठवली आणि ती मी खारीला सांगितली, म्हणून इथंही लिहिते.

ताडमाड माझ्या समोरच्या मागावर होती. उंच म्हणून ताडमाड. ती दिवसभर गायची. म्हणजे तोंड सतत हलायचं, मान ठेक्यात, धोट्याबरोबर. कोणतं गाणं ते कळायचं नाही, कारण ती तोंड अगदी बारीक उघडायची. पण मला वाटायचं, ओळखीचं आहे. आमच्या आईचं जात्यावरचं एक होतं, ते तिच्या तोंडावर अगदी बसायचं. मी पण समोरून तेच म्हणायचे. आठ वर्षं आम्ही दोघी मिळून गायलो. अंगावर माग आपटत असताना मला ते गाणं स्वच्छ ऐकू यायचं.

एक दिवस वीज गेली. दोनशे माग एकदम बंद. कानात शिट्टी वाजायला लागली, इतकी शांतता. आणि त्या शांततेत ताडमाड एकटी, तिला थांबायचं भानच नाही, तालात म्हणतेय: "मेल्या तुझ्या हाडांचा, मेल्या तुझ्या दाताचा, मेल्या तुझ्या आईच्या गळ्यातल्या माळेचा..." नवऱ्याला शिव्या. आठ वर्षं. सकाळी सात ते तीन.

सगळं खातं हसून हसून लोळलं. मुकादमसुद्धा. ताडमाडच आधी हसली. मी तिच्या शिव्यांना आठ वर्षं चाल लावली होती!

खारीनं विचारलं, "मग वीज आल्यावर?"

"वीज आल्यावर काय, ती शिव्या द्यायला लागली आणि मी गायला लागले."

"तेच गाणं?"

"मग दुसरं कुठून आणू? काम तर आठ तास करायचंच होतं."

खारीनं हे स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं! मी शिंपिणीला जाऊन सांगून आले.

तारीख १५, रविवार

खार लिहीत नाही. टेबलाशी बसते, ओठ हलतात. मी स्वयंपाकघरातून बघते. कविता पाठ करत असणार. बाजूनं बघितलं की ओठ नीट वाचता येत नाहीत, पण "आई"सारखं काहीतरी वारंवार येतं. असेल एखाद्या कवितेत.

दहा दिवस उरले.

आज लेकीच्या कपाटातले कपडे शिंपिणीला दिले, कापून पिशव्या करायला. मला काही वाटलं नाही. शिंपीणच रडली. मी तिला पाणी दिलं.

तारीख १७, मंगळवार

एक प्रश्न मला दोन दिवस कुरतडत होता (नातीचा गुण आजीला), तो आज विचारला.

"त्या नदीवर पूल आहे का?"

खार म्हणाली, "आहे. तिसऱ्या ओळीत. तो पुलाशीच उभा आहे."

"मग गेला का नाही?"

"कुठे?"

"पलीकडे. खिडकीखाली उभं राहिलं असतं तर ऐकू आलं असतं की. थंडी एवढी, पूल समोर, संध्याकाळची वेळ. दार वाजवायचं, आत घेतलं असतं कुणीतरी. गेला का नाही?"

खारीनं तिसरी ओळ परत काढली. मग म्हणाली, "हे कुणीच विचारलेलं नाही आजी."

"कारण ते टीकाकार लोक कधी थंडीत उभे राहिले नसतील."

"तुला काय वाटतं, का नाही गेला?"

मी म्हटलं, "मला काय माहीत. मी असते तर भ्याले असते. गेलं आणि बाई भांडं घासत असली तर? किंवा रडत असली तर? मग त्या बारा ओळी कुठे ठेवायच्या?"

खारीनं पुस्तक मिटलं. मला वाटलं आता लिहायला घेईल. पण ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मीच काहीतरी चुकीचं बोलले की काय. चार बुकं शिकलेल्या माणसात तोंड उघडू नये हे खरं.

तारीख १८, बुधवार

आज सकाळी तिनं विचारलं. ताट ठेवलं होतं, तिनं ते बाजूला सरकवलं, माझ्या समोर येऊन बसली, ओठ दिसतील अशी.

"आजी, आई त्या दिवशी दवाखान्यात काचेमागून काय म्हणाली?"

मी म्हटलं, "कधी?"

"तुला माहीत आहे कधी. आपण दोघी उभ्या होतो. तिनं तुझ्याकडे बघितलं. तिचं तोंड हललं. दोनदा. मला नाही कळलं. तुला कळतं, तुला सगळं कळतं." मग म्हणाली, "मी इथे राहायला आले ते हे विचारायला. आणि रोज विचारायचं राहतं."

म्हणजे पोरगी त्यासाठी आली. मला वाटत होतं, आजीसाठी.

मी म्हटलं, "तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता गं तिच्या. ओठ दिसले नाहीत मला. गाल हलला एवढंच दिसलं."

"म्हणजे तुलाही नाही कळलं?"

"नाही."

"शपथ?"

"तुझी शपथ."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते कुणालाच माहीत नाही." मी म्हटलं, "कुणालाच नाही." ती उठली आणि गार झालेलं ताट ओढून सगळं जेवली.

आता खरं काय ते इथे लिहिते, कारण वही वाचणार नाही म्हणून तिनं शपथ घेतली आहे, आणि तिची शपथ माझ्यापेक्षा पक्की आहे.

मला कळलं होतं. लेक म्हणाली, "आई, थंडी वाजते." दोनदा. पहिल्यांदा "आई" होतं, दुसऱ्यांदा नुसतं "थंडी वाजते". माझ्या खांद्यावर जाड शाल होती. मी काच वाजवली. आतल्या नर्सनं हात वर केला, थांबा म्हणून. तिच्या हातात दुसऱ्या कुणाचं काहीतरी होतं. ती तरी किती जणांना पुरणार. मी थांबले. मग आतून कुणीतरी पडदा ओढला.

शाल अजून तीच वापरते. ऊबदार आहे.

तारीख १९, गुरुवार

खार लिहायला लागली! सकाळी सहापासून. मी चहा नेला, तो तिनं गरम प्यायला. पेन्सिल एक कुरतडून संपली, दुसरी अर्ध्यावर. शिंपिणीला सांगितलं, शिलाईयंत्र जरा हळू चालव. ती म्हणाली, "तुला ऐकू येतं होय?" मी म्हटलं, "मला नाही, विदुषीला."

तारीख २३, सोमवार

चार दिवस वही उघडली नाही. घरात कागदच कागद. मला कामं लावली आहेत: पानं क्रमानं लावायची, आकडे वाचता येतात म्हणून. मी आयुष्यात असलं आवडीचं काम केलेलं नाही. सत्तेचाळीस पानं, एकही इकडची तिकडे झाली नाही.

दुपारी शेवटचं पान वाचून दाखवलं. मला समजलं तसं लिहिते. ती म्हणते, सगळ्यांनी आजवर विचारलं की हे संगीत कुणाचं, बाईचं, कवीचं की निसर्गाचं. पण पूल समोर असताना कवी अलीकडे उभा राहतो, ही या कवितेतली खरी घटना आहे. त्याला ऐकू येत नाही असं नाही, तो ऐकायला जात नाही. पलीकडे काय आहे याचा त्याला अंदाज आहे. म्हणून तो त्या बाईला बारा ओळींची चाल देतो, तिला नुसतं खिडकीत सोडून जाववत नाही म्हणून. खाली तळटीप आहे, आवाजात काम करणाऱ्या बायका एकमेकींच्या तोंडावर स्वतःचं गाणं बसवतात, याबद्दल. त्यात ताडमाडसुद्धा आहे, शिव्यांशिवाय.

मी म्हटलं, "छान झालंय. पण लांबलचक."

"एवढंच?"

"आणि शिव्या घालायला हव्या होत्या."

तारीख २५, बुधवार

दिलं! अकरा वाजून दहा मिनिटांनी. कारकुनानं शिक्का मारला तो जरा तिरका पडला, मी म्हटलं परत मारा, खारीनं मला ओढत बाहेर आणलं. मॅडम जिन्यात भेटल्या, त्यांनी उभ्या उभ्या शेवटची दोन पानं वाचली. खालचा ओठ चावला. मला म्हणाल्या, "आजी, पुलाचा प्रश्न तुमचा ना?" मी म्हटलं, "प्रश्न माझा, उत्तर तिचं." त्या म्हणाल्या, "उत्तर आवडलं मला. पटलंय असं अजून म्हणत नाही, भांडू आम्ही त्यावर. पण आता ती कुठे जात नाही." नाव कापलं जाणार नाही. पुढच्या आठवड्यात खार वसतिगृहात परत जाईल. ठीक आहे. तिची जागा तिथेच आहे.

आनंद झाला. मी तो मोजून बघितला आणि झालेला आहे. जेवढा आनंद व्हायला हवा तेवढाच आहे, फक्त कापडाच्या आतून हात लावल्यासारखा.

येताना बसमध्ये खिडकीशी मी, शेजारी ती. बरंच अंतर गेल्यावर तिनं माझ्याकडे तोंड वळवलं, नीट दिसेल असं, आणि म्हणाली, "आजी, ते मास्क पारदर्शक असतात ना गं?"

मी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं.

मग म्हटलं, "वाफ धरते त्यात."

ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे तिच्या आईसारखे नाहीत, बापासारखे आहेत. तिनं माझी शाल खांद्यावर सरळ केली आणि म्हणाली, "हो. वाफ धरते."

पोरीला पटलं. मग ती झोपून गेली माझ्या अंगावर, तोंड उघडं टाकून. घर येईपर्यंत मी हललेच नाही.